मॉडेल रॉकेट मैदानावर दर वेळी अडतं? पेटी भरायची वेळ बदला

यादी करून पेटी भरली होती, तरी मैदानावर अडलंच. अमेरिकेत मुलांना घेऊन मॉडेल रॉकेट उडवायला जाणाऱ्या घरांची ही नेहमीची तक्रार आहे, आणि यादी लांबवून ती सुटत नाही. पेटीत दोन जातींच्या वस्तू असतात. पॅड (उड्डाणाचा तळ), रॉड (रॉकेट ज्यावरून सुटतं तो गज), कंट्रोलर (पेटवायच्या बटणाचा डबा), पक्कड या टिकतात. इग्नायटर (इंजिन पेटवणारी तार), वॅडिंग (पॅराशूटला गरम गॅसपासून वाचवणारे कागद), सेल, टेप, पावडर या प्रत्येक उड्डाणाला कमी होत जातात. यादीवर मात्र दोन्हींपुढे सारखीच टिक येते. इग्नायटरचं पाकीट दिसलं की टिक. आत एकच उरलाय आणि तोही वाकलेला आहे, हे पॅडपाशी कळतं.

दुसरं कारण त्याहून साधं आहे. पेटी निघायच्या सकाळी भरली जाते. तेव्हा घाई असते, आणि मागच्या खेपेला काय संपलं, काय तुटलं, इग्नायटरला वायर जोडणारी कुठली क्लिप सैल होती हे कुणालाच आठवत नाही. ते सगळं ताजं असतं मागच्या लाँचहून घरी परतल्या संध्याकाळी. पेटी त्या संध्याकाळी भरायची. खाली लिहिलेलं सगळं या एका सवयीला धरून आहे.

उदाहरणासाठी एस्टिस कंपनीच्या अल्फा ३ सारखं नेहमीचं किट धरलं आहे: साधारण ३१ सेंटिमीटर उंच, २५ मिलिमीटरची नळी, १२ इंची प्लॅस्टिकचं पॅराशूट, १८ मिलिमीटरचं इंजिन आणि चार एए सेलवर चालणारा छोटा कंट्रोलर. रॉकेट मोठं असेल तर आकडे बदलतील, रीत हीच.

सहा उड्डाणांना किती लागतं

इंजिनं किती आणि कुठली न्यायची हे मैदान ठरवतं, म्हणून आधी मैदान मोजा. नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्रीच्या सुरक्षा नियमांत मैदानाची सर्वांत आखूड बाजू धरतात (ए ते डी ही इंजिनांची चढती ताकद): ए इंजिनाला किमान १०० फूट, बीला २००, सीला ४००, डीला ५००. शाळेतलं अमेरिकन फुटबॉलचं मैदान लांबीला ३६० फूट असलं तरी रुंदीला १६०च असतं. आजूबाजूला मोकळी जागा नसेल तर तिथे ए इंजिनच चालतं. सी नेलं तर रॉकेट चांगलं उडेल आणि कुणाच्या तरी छपरावर उतरेल. हरवलेल्या रॉकेटांपैकी पुष्कळशी अशी घरीच हरवलेली असतात, पेटीत चुकीचं पाकीट टाकताना.

मैदान ४०० फुटी असेल तर दोन ए८-३, तीन बी६-४ आणि एक सी६-५ हा जुळता संच आहे (आकड्यांचा अर्थ पुढे येतो). पहिलं उड्डाण नेहमी ए८-३ वर करा. नवीन रॉकेट सरळ जातं की नाही, नाकाचा कोन (टोकाची शंकूसारखी टोपी) सुटतो की नाही, हे कमी उंचीवरच पाहून घ्यावं.

इग्नायटर मात्र सहा नेऊ नका, नऊ न्या. इंजिनाच्या पाकिटात ते जवळपास इंजिनांइतकेच येतात, आणि दर दोन उड्डाणांमागे एखादा वाकतो, तुटतो किंवा नुसताच जळून जातो. सुटे इग्नायटर वेगळे विकत मिळतात. ते बसवायचे रंगीत प्लॅस्टिकचे प्लग उड्डाणानंतर पॅडच्या आसपास पडलेले सापडतात. धड असतील तर पुन्हा चालतात, म्हणून एक छोटी डबी फक्त प्लगांसाठी ठेवा.

वॅडिंगचे चौकोन एका उड्डाणाला चार, म्हणजे चोवीस, आणि वर सहा जास्तीचे. एए सेल आठ: चार वापरायचे, चार सीलबंद. अर्धा इंची मास्किंग टेपचं एक रिंग, पाव डबी टाल्कम पावडर, एक जास्तीचं पॅराशूट, एक स्ट्रीमर (पॅराशूटऐवजी लावायची लांब पट्टी), कोन नळीला बांधायला मीटरभर इलॅस्टिक. हे आकडे झाकणाच्या आतल्या बाजूला कागद चिकटवून लिहा. ‘वॅडिंग’ एवढंच लिहिलंत तर पुन्हा टिकच होणार. ‘वॅडिंग ३०’ लिहिलंत तर मोजावं लागतं.

बटण दाबलं, काहीच झालं नाही

सगळ्यात जास्त अडतं ते इथे. आणि सगळ्यात जास्त चुका अडल्यानंतरच्या पहिल्या मिनिटात होतात.

बटण सोडा. सुरक्षा चावी कंट्रोलरमधून काढून खिशात टाका. आता ६० सेकंद कुणीही पॅडकडे जायचं नाही. हा नियम आहे, आणि त्यामागे कारण आहे: इग्नायटर धुमसत असू शकतो, आणि इंजिन उशिरा पेट घेऊ शकतं. मुलांच्या हाती टायमर द्या, म्हणजे थांबणं त्यांचंच काम होतं.

मिनिट झाल्यावर क्लिपा काढा, रॉकेट रॉडवरून उतरवा, प्लग ओढून इग्नायटर बाहेर काढा. लगेच नवा घालू नका. आधी जुन्याकडे नीट बघा, कारण काय बिघडलं ते तो सांगतो. उन्हाकडे पाठ करून तो पांढऱ्या कागदावर धरा. दोन बारीक तारा एका कागदी पट्टीने जोडलेल्या असतात आणि टोकाला त्या एका सूक्ष्म पुलाने मिळतात. नेहमीच्या इग्नायटरवर त्या टोकाला पेट घेणाऱ्या स्फोटक दारूचा छोटासा थेंब असतो.

थेंब जसाच्या तसा असेल, तर वीज पोचलेली नाही, किंवा अपुरी पोचली. दोष कंट्रोलर, सेल, वायर किंवा क्लिपांत आहे. नवा इग्नायटर घालून तेच पुन्हा होणार.

थेंब जळून काळा झालाय आणि पूल वितळलाय, पण इंजिनातली दारू शाबूत आहे, तर वीज चोख पोचली होती. टोक दारूला टेकलेलं नव्हतं. एस्टिसच्या इंजिनात मातीच्या नोझलच्या (मागच्या तोंडाच्या) आत, अगदी जवळच, दारू असते. इग्नायटर तिला स्पर्श करेपर्यंत आत गेला पाहिजे. अर्धा मिलिमीटर राहिला तरी थेंब हवेतच जळतो. बरेचदा इग्नायटर बरोबर बसवलेला असतो आणि क्लिपांच्या वजनाने किंवा लोंबत्या वायरीने तो मागे ओढला जातो. यावर उपाय पेटीतच असतो: क्लिपांपासून सुमारे चार इंचांवर वायरी मास्किंग टेपने पॅडच्या पायाला चिकटवा, म्हणजे वजन पॅड घेतं.

थेंब शाबूत, पण तार मधेच तुटलेली दिसत असेल, तर ती वाकवताना मोडली. तारा नोझलच्या तोंडाशी काटकोनात दुमडू नका. बोटाभोवती वळवल्यासारख्या गोलाईने बाहेर काढा. आणि दोन्ही तारा नोझलच्या आत एकमेकींना टेकल्या असतील तर वीज टोकापर्यंत न जाता तिथल्या तिथे वळते. कागदी पट्टी काढून टाकू नका, ती तारा वेगळ्या ठेवायलाच असते.

जळका इग्नायटर काढल्यावर इंजिन उलटं करून तळहातावर हलकेच आपटा, म्हणजे नोझलमधले तुकडे पडतात. सुई, टाचणी, स्क्रू ड्रायव्हर आत घालून उकरायचं नाही. आत दारू आहे.

दिवा लागतो, तरी पेटत नाही

चावी दाबल्यावर कंट्रोलरचा दिवा लागला म्हणजे सगळं ठीक, असा समज आहे. दिव्याला अगदी थोडी वीज पुरते. इग्नायटरला क्षणभर का होईना, साधारण दोन अँपिअर लागतात. अर्धे संपलेले सेल दिवा झकास लावतात आणि बटण दाबल्यावर बसतात. शिवाय दोन्ही क्लिपा एकमेकींना किंवा पॅडच्या धातूच्या तबकडीला टेकल्या असतील तरीसुद्धा दिवा लागतो, कारण विजेचं मंडल (सर्किट) पूर्ण झालेलं असतं. फक्त वीज इग्नायटरला वळसा घालून जाते. म्हणून दिवा लागतो पण पेटत नाही, तर आधी क्लिपा बघा, मग सेल बदला. दिवा लागतच नसेल तर मंडल कुठेतरी तुटलंय: क्लिप निसटली, इग्नायटर तुटला, सेल उलटा बसला किंवा सेलच्या पत्रीवर गंज आहे.

टेकण्याची भीती कमी करायला रॉकेट तबकडीपासून दोनेक इंच वर धरा. त्यासाठी कपड्यांचा लाकडी चिमटा रॉडला लावला की रॉकेट त्यावर बसतं. पेटीत दोन चिमटे ठेवा, एखादा जळतो.

क्लिपांच्या दातांवर प्रत्येक उड्डाणाची काजळी बसते, आणि काजळीतून वीज नीट जात नाही. ४०० नंबरच्या पॉलिश पेपरची नखाएवढी पट्टी दोन दातांमध्ये धरून चार-पाच वेळा ओढा. दर उड्डाणाआधी. याला दहा सेकंद लागतात, आणि आमच्या मते पेटीतली सर्वांत उपयोगी वस्तू ही पट्टीच आहे.

सेल अल्कलाइनच घ्या. ‘हेवी ड्यूटी’ लिहिलेले स्वस्त कार्बन-झिंक सेल व्होल्ट तेवढेच दाखवतात, पण दोन अँपिअर मागितले की कोसळतात. चार्ज होणारे निकेलचे सेल प्रत्येकी १.२ व्होल्टचे, चारांचे मिळून ४.८ च होतात. कंट्रोलर मात्र सहा व्होल्टचा धरलेला असतो. न्यू जर्सी किंवा शिकागोच्या थंडीत सेल गार पडून मंदावतात, तेव्हा उड्डाणाआधी अर्धा तास ते जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा.

मल्टिमीटर असेल तर न्या, पण वाचायचं कसं ते माहीत हवं. चांगल्या इग्नायटरचा रोधच साधारण एक ओहमच्या आत असतो, आणि मल्टिमीटरच्या वायरींचा स्वतःचा ०.२-०.३ ओहम असतो. आधी मीटरची दोन टोकं एकमेकांना लावून आकडा बघा आणि तो वजा करा. नाहीतर धड इग्नायटर आणि शॉर्ट झालेलं मंडल यांत फरकच दिसणार नाही.

ई इंजिनाचा मोह झाला तर एक हिशेब करा. डीपर्यंतच्या इंजिनाला माणसांनी १५ फूट दूर राहायचं, त्याहून मोठ्याला ३० फूट. छोट्या कंट्रोलरची वायर १५ फुटांच्या हिशेबाने दिलेली असते. घरातली पातळ २४ गेजची वायर जोडून ती ३० फूट केली, तर जाऊन-येऊन ६० फुटांचा रोध दीड ओहम होतो, म्हणजे इग्नायटरपेक्षा जास्त. चार सेलची ताकद वायरीतच जिरते. जाड १८ गेजची वायर घेतली तर तोच रोध ०.४ ओहमच्या आत राहतो. तरीही ईसाठी जास्त व्होल्टचा, ३० फुटी वायरचा मोठा कंट्रोलर घ्यावा हे बरं. तोवर ई इंजिन पेटीत नको.

घरची चाचणी एकच, पण सगळं तपासते. लाँचच्या आदल्या आठवड्यात अंगणात, काँक्रीटवर, एक इग्नायटर काठीच्या टोकाला टेपने लावा. इंजिन जवळपासही नको, डोळ्यांवर चष्मा हवा. क्लिपा लावून बटण दाबा. सेकंदाच्या आत भपकन पेटला, तर सेल, वायर, बटण, क्लिपा सगळं धड आहे. दोन सेकंद लागले तर सेल बदला. नऊ इग्नायटर न्यायचे म्हटलं तेव्हा हा दहावा धरलेला नव्हता, तो घरचा.

मोठ्या मुलांच्या संघांसाठी एक वेगळी सूचना. अमेरिकन रॉकेट्री चॅलेंजमध्ये सहावी ते बारावीचे संघ कच्चं अंडं न फोडता उडवून परत आणतात, आणि त्यांची इंजिनं पुष्कळदा कंपोझिट (दारूऐवजी रबरासारख्या इंधनाची) असतात. त्यांत इग्नायटर नोझलपाशी टेकवून चालत नाही. आतल्या पोकळीतून अगदी वरच्या टोकापर्यंत जावा लागतो, कारण पेट तिथून धरायचा असतो. इग्नायटर बाहेरून इंजिनाशेजारी धरून त्याच्या तारेवर टेपची खूण करा आणि त्या खुणेपर्यंत आत सरकवा. या इंजिनांना १२ व्होल्टचा कंट्रोलर हवा, आणि पेटीत उंचीमापकाचे सेल व अर्धा डझन जास्तीची अंडी.

वर गेलं, पण पॅराशूट उघडलं नाही

खाली पडलेलं रॉकेट उचलल्यावर आधी इंजिन जागेवर आहे का बघा. इंजिन मागून निसटून गेलं असेल, तर पॅराशूट ढकलणारा गॅसचा धक्का मागच्या वाटेने गेला. इंजिन धरून ठेवणारा हुक असलेल्या किटमध्ये तो हुक वाकलेला असतो; हुक नसलेल्या किटमध्ये इंजिनावर टेपचे वेढे कमी पडले. इंजिन बोटाने ढकलून आत जावं, पण रॉकेट झटकल्यावर बाहेर येऊ नये, एवढा टेप हवा.

इंजिन जागेवर आणि कोनही जागेवर, तर कोन घट्ट होता. रॉकेट उलटं धरलं तर कोन पडू नये, आणि दोन बोटांनी ओढला तर न अडखळता यावा. सैल असेल तर कोनाच्या नळीत बसणाऱ्या भागावर टेपचा एक वेढा. घट्ट असेल तर २२० नंबरचा पॉलिश पेपर. हे घरी करून ठेवलं तरी मैदानावर पुन्हा बघा. दमट हवेत कागदी नळी आणि बाल्सा लाकडाचा कोन फुगतात.

पॅराशूट बाहेर आलं, पण वितळून चिकटलंय? वॅडिंग कमी होतं, किंवा गच्च गोळा करून कोंबलं होतं. गोळ्याच्या कडेने गरम गॅस निसटतो. प्रत्येक चौकोन वेगळा चुरगाळून सैलसर टाका. २५ मिलिमीटरच्या नळीत तीन-चार चौकोनांनी नळीच्या रुंदीच्या दीडपट ते दुप्पट उंची भरली पाहिजे. मग नळीत मागून फुंकर मारा: थर अख्खाच्या अख्खा पुढे सरकला पाहिजे. साधा टॉयलेट पेपर किंवा किचन टॉवेल घालून वेळ मारून नेऊ नका. तो पेटत खाली येतो आणि गवत पेटवतो. वॅडिंग संपलं तर उड्डाणं संपली.

पॅराशूट बाहेर आलं, शाबूत आहे, पण छत्री झालीच नाही: चूक घडी घालण्यात आहे, आणि बहुतेक वेळा ती आदल्या रात्री घातलेली असते. पातळ प्लॅस्टिक रात्रभर दाबलं गेलं की घडीला चिकटून राहतं, थंडीत तर नक्कीच. पेटीत पॅराशूट सैल, उघडं न्या. मैदानावर, इग्नायटर बसवण्याआधी, ते मधोमध धरून दोऱ्या खाली सोडा आणि गुंता काढा. दोन्ही बाजूंना टाल्कम पावडर चोळा. मग मधोमध दुमडत टोकदार शंकू करा, जसा पानाचा गोविंद विडा वळतात. टोक खाली आणून तिसऱ्या भागाएवढी घडी घाला. दोऱ्या त्यावर सैलसर दोनच वेढे. जास्त वेढे दिले की उघडायला उशीर होतो. शेवटी तळहातावर ठेवून हवेत फेकून बघा. दोन माणसांच्या उंचीवरून खाली येईपर्यंत सुटली तर घडी बरोबर.

वारा असेल तर पॅराशूटच्या मधोमध दोन-अडीच इंचांचं भोक कापा किंवा स्ट्रीमर लावा, म्हणजे रॉकेट फार वाहवत जाणार नाही. ताशी २० मैलांच्या वर वारा गेला की पेटी बंद करायची.

कोन आणि नळी जोडणाऱ्या इलॅस्टिकचं टोक दर खेपेला ओढून बघा. गॅसने ते करपून ठिसूळ होतं, आणि काही उड्डाणांनंतर तुटतं. कडक झालेलं किंवा चिरा पडलेलं दिसलं की बदलायचं, वाट बघायची नाही.

इंजिन फुटलं

रॉकेट पॅडवरच फाटलं, नळी करपली, तर पहिला संशय गाडीच्या डिकीवर घ्या. उन्हात उभ्या गाडीत तापमान सहज ५० अंश सेल्सिअसच्या वर जातं. दाबून भरलेली दारू आणि तिच्याभोवतीचं कागदी कवच तापताना-निवताना सारखं हलत नाही. असं तीन-चारदा झालं की दोघांमध्ये बारीक फट पडते. मग आग टोकाकडून सावकाश जळत येण्याऐवजी फटीतून बाजूने पसरते आणि इंजिन एका दमात फुटतं. डी आणि ई आकाराच्या इंजिनांत हे जास्त दिसतं. म्हणून इंजिनं कधीच पेटीबरोबर गाडीत राहू देऊ नका. बर्फ न घातलेली थर्मल डब्याची पिशवी पुरते, आणि ती बसण्याच्या भागात, सावलीत. काँक्रीटवर पडलेलं इंजिनही बाजूला काढा; वरून तडा दिसत नाही. इग्नायटर इंजिनात आधीच बसवून नेणं तर अजिबात नको, तो पॅडपाशीच बसतो.

डब्यात इंजिनं मूळ पाकिटातच ठेवा. सुटी झाली की आकड्यांचा घोळ होतो. सी६-५ मध्ये पहिली संख्या सरासरी ६ न्यूटन जोर सांगते आणि शेवटची पाच सेकंदांचा विलंब. सी६-० दिसायला त्याच मापाचं, पण ते दोन टप्प्यांच्या रॉकेटच्या खालच्या टप्प्यासाठी असतं. त्यात विलंब नसतोच. एकटप्पी रॉकेटमध्ये चुकून गेलं तर ऐन वेगात असतानाच गरम गॅस पुढे फेकतं आणि पॅराशूट फाडतं. मुलांना पाकीट उघडताना आकडा मोठ्याने वाचायला लावा.

रॉड, गवत आणि पाणी

रॉकेट रॉडवर अडकून वाकडं सुटलं तर रॉडवर काजळीचे खवले आहेत. ओल्या कापडाने, मग ४०० नंबरने पुसा. दोन तुकड्यांच्या रॉडचा सांधा बोटाला लागता कामा नये. छोट्या रॉकेटांना १/८ इंची रॉड लागतो, मोठ्यांना ३/१६. रॉकेटच्या बाजूची, रॉडवर सरकणारी नळकी आणि रॉड घरीच एकमेकांत घालून बघा. रॉडचं टोक डोळ्यांच्या पातळीच्या वर नसेल तेव्हा त्यावर टोपी असलीच पाहिजे. कंट्रोलरची चावी त्याच टोपीला लाल रिबिनीने बांधून टाका. चावी घरी राहण्याची तक्रार इथे कायमची मिटते, आणि टोपी रॉडवर असताना चावी कंट्रोलरमध्ये जाऊच शकत नाही, हे वेगळं.

कॅलिफोर्नियात उन्हाळ्याच्या शेवटी गवत अक्षरशः काडेपेटी होतं. तिथे उडवण्याआधी स्थानिक अग्निशमन खात्याची परवानगी लागते. क्लबच्या मैदानावर ती त्यांनी काढलेली असते, तुमच्या कोपऱ्यावरच्या पार्कात नाही. पॅडभोवतालचं सुकं गवत काढा. दोन गॅलन पाणी, झाडांना फवारायचा पंप आणि एक ओलं पोतं पॅडपासून पाच पावलांवर ठेवा. हात भाजला तर दहा मिनिटं साधं गार पाणी; टूथपेस्ट आणि हळद नको.

झाडात किंवा विजेच्या तारांवर अडकलेलं रॉकेट तिथेच राहू द्या. पेटीत लांब बांबू नेऊ नका, म्हणजे मोहही होणार नाही.

सुट्टीत भारतात जाताना इंजिनं आणि इग्नायटर बॅगेत टाकू नका. अमेरिकेतून विमानात ते हातातल्या बॅगेतही चालत नाहीत आणि चेक-इनमध्येही. भारतातही दारू भरलेल्या वस्तूंना १८८४ चा विस्फोटक अधिनियम लागतो, आणि तो राबवणाऱ्या खात्याचं मुख्य कार्यालय आपल्या नागपुरातच आहे. भाचरांना काही उडवून दाखवायचं असेल तर दोन लिटरची बाटली, एक तृतीयांश पाणी, रबरी बूच आणि सायकलचा पंप घ्या.

परतल्या संध्याकाळी

अर्धा तास पुरतो, पण अंघोळीआधीचा. आधी कंट्रोलरमधले सेल काढा. आत राहिले तर गळतात आणि पत्र्या खातात. रॉकेटमधलं जळकं इंजिन लांब दांडीने ढकलून काढा, नळीत अडकलेलं वॅडिंगही. क्लिपा घासा. झाकणावरच्या आकड्यांशी इग्नायटर, वॅडिंग आणि सेल मोजून पडताळा, आणि जे कमी आहे ते त्याच वेळी मागवा. वहीत तारीख, रॉकेट, इंजिन, वारा आणि काय बिघडलं एवढं लिहा. तीन लाँचनंतर कुठलं रॉकेट कुठे अडतं ते त्या वहीतूनच दिसतं. पॅराशूट घडी न घालता पेटीच्या वरच्या कप्प्यात सैल सोडा. इंजिनं पेटीतून काढून घरातल्या गार, कोरड्या, मुलांचा हात न पोचणाऱ्या कपाटात ठेवा. मग पेटी बंद करून झाकणावर तारखेची टेप चिकटवा. टेप नसेल तर पेटी भरलेली नाही, आणि सकाळी ती उचलायची नाही.